शिकायचं काय, विकायचं कुठे, हप्ता फेडायचा कसा : विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महिलांच्या बचत गटांना हिशेब आणि धंद्याचं गणित शिकवते. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या भागांतल्या बैठकांत, प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी आणि रात्री जेवणं आटोपल्यावर येणाऱ्या फोनवर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. ते इथे एका जागी लिहिले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिलाईचा क्लास लावू, पार्लरचा लावू, की आणखी काही? पैसा कशात आहे?

क्लास लावायच्या आधी गिऱ्हाईक मोजा. आपल्या आणि शेजारच्या दोन गावांत किती घरी मशीन चालते, बायका ब्लाउज कुणाकडे टाकतात, काय देतात, किती दिवस थांबतात, हे आठ दिवस फिरून वहीत लिहा. एका गावात आम्ही असं मोजलं तर अकरा मशिनी निघाल्या, त्यांतल्या सात धूळ खात पडलेल्या. सगळ्यांनी क्लास केलेला होता. तिथे बाराव्या बाईने तोच क्लास लावून काय हाती लागणार? पण पिको-फॉलसाठी साड्या मात्र त्याच गावातून तालुक्याला जात होत्या. एकीने तेवढंच मशीन घेतलं आणि लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत उरली नाही.

आपल्याकडे जे पिकतं तिकडेही बघा. तूर, जवस, भिवापूरची मिरची, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद (या मिरचीला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे), भंडारा-गडचिरोलीकडचं टसर रेशीम, चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू. शेळ्या-कोंबड्यांना तर कुणी धंदाच समजत नाही. वेळेवर लस टोचली तर घरच्या बाईच्या हाती नगद पैसा आणणारं याहून सोपं काम मला माहीत नाही.

२. मोफत प्रशिक्षण कुठे मिळतं? एजंट दोन हजार मागतो.

एजंटला काही देऊ नका. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँका चालवतात. ती जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत असतं. पापड-मसाले किंवा शेळीपालनासारखे अभ्यासक्रम साधारण दहा दिवसांचे, शिलाईचा महिनाभराचा. शिकून घरी गेल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करणं हेही आरसेटीचंच काम आहे. ते बहुतेकींना कुणी सांगतच नाही. कर्जाचा कागद अडला तर तिथल्या सरांना हक्काने फोन करा.

शेळी, कोंबडी, डाळ, हळद यांसाठी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. बांबूसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, ग्रामोद्योगासाठी वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकरण संस्था. गटात असाल तर ‘उमेद’च्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सीआरपी ताईंना, म्हणजे गावात गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना, किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) लोकसंचालित साधन केंद्रात विचारा. माविम १९७५ पासून काम करते, ‘उमेद’ २०११ पासून. दोघींचे गट वेगळे असले तरी प्रशिक्षणाची चौकशी कुठेही करता येते.

३. वेचणीचे दिवस, लेकरू लहान, सासूबाई सोडत नाहीत. मग शिकायचं कधी?

हे कारण खोटं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कापूस वेचायचा असतो आणि त्या मजुरीवर वर्षाचा किराणा चालतो. त्या दिवसांत बॅच लावणाऱ्याला गाव कळलेलं नाही. ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या गटांच्या संघात, ठराव घेऊन सांगा की बॅच वेचणी उलगल्यावर, आमच्याच गावात, दुपारी बारा ते चार अशी हवी. पंचवीस-तीस बायांची नावं सह्यांनिशी दिली तर मागणीला वजन येतं.

सासूबाईंसाठी माझा एकच उपाय आहे, पहिल्या दिवशी त्यांना सोबत आणा. कुरडयांचा चीक किती वेळ घोटायचा हे सासूला विचारलं की वर्गाचा रंगच बदलतो. त्यांना येतं ते त्या शिकवतात, आणि मग सुनेला सोडत नाही असं म्हणणं जड जातं.

४. मले फक्त सही येते. मले धंदा जमते का?

जमतो. मारेगावकडच्या एका मावशीने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून तीन वर्षं दुधाचा धंदा केला. उभी रेघ म्हणजे नगदी लिटर, आडवी रेघ म्हणजे उधारीचं. प्रत्येक घराची खूण वेगळी होती. कुणाच्या दारी तुळस म्हणून पान, कुणाकडे बैलजोडी म्हणून दोन शिंगं. महिन्याच्या शेवटी मी वही घेऊन बसले, तर तिचा हिशेब बरोबर निघाला आणि माझी बेरीज चुकली होती.

फक्त दोन गोष्टी पाळा. धंद्याचा डबा वेगळा आणि घराचा डबा वेगळा. आणि बँकेच्या किंवा फायनान्सच्या कागदावर सही करण्याआधी तो गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, साहेबाला घाई असली तरी.

५. बचत गटात नसले तर काहीच मिळत नाही का?

मिळतं. आरसेटी, छोट्या धंद्यासाठीचं मुद्रा कर्ज, कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना (प्रश्न १४) यांसाठी गट लागत नाही. पण हाती काहीच नसताना सुरुवात करायची तर गटाइतकं स्वस्त भांडवल दुसरीकडे नाही. गट साधारण १० ते २० जणींचा असतो. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांवर आणि अपंग महिलांसाठी पाच जणींचाही चालतो. आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदी, ही पाच सूत्रं पाळली की फिरता निधी (गटात फिरवायला मिळणारं छोटं भांडवल) आणि पुढे बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी होते.

६. मालाचा भाव कसा काढायचा? आमची चटणी संपते, पण हाती काही राहत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर लांब लिहिते.

आठवडी बाजारात एका गटासोबत बसून आम्ही जवसाच्या चटणीचा हिशेब मांडला होता. आकडे तुमच्या गावात बदलतील, रीत हीच ठेवा. चार किलो जवस ११० रुपयांनी ४४०. अर्धा किलो शेंगदाणे ७०. लसूण, तिखट, जिरं, मीठ १२०. गॅस ६०, मिक्सरची वीज २०. पिशवी आणि लेबल, २५ नगांचे १००. बाजाराला जायचं-यायचं भाडं ६०. बेरीज ८७० रुपये. त्यातून २०० ग्रॅमची २५ पाकिटं झाली. ती ४० रुपयांना विकली, हजार रुपये आले. ताई खूश, “१३० रुपये सुटले.”

मी विचारलं, भाजायला-कुटायला किती वेळ गेला? पूर्ण दिवस. बाजारात किती वेळ बसलात? अर्धा दिवस. दुसऱ्याच्या वावरात दीड दिवस राबलात तर काय मिळालं असतं? दिवसाला ३०० धरले तर ४५०. म्हणजे खरा खर्च ८७० नाही, १,३२० आहे. एक पाकीट ५३ रुपयांना पडतं आणि आपण ते चाळीसला देतो आहोत. ताई बराच वेळ पाकिटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी माह्याच घरी बिनपैशाची मजूर होते.”

आपल्या हाताची मजुरी खर्चात धरणं, मला शिकवायचं असतं ते एवढंच. निंदणाला गेलो की मजुरी मागतो, मग घरी राबलेला दिवस फुकट कसा? ती मजुरी धरली की भाव आपोआप ठरतो. त्या ताईंनी पाकीट ६० ला केलं. १,५०० आले, मजुरी निघून १८० वर राहिले. पहिल्या दोन बाजारांत पाच-सहा पाकिटं परत आली हे खरं. मग त्यांनी डब्यात थोडी चटणी आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ठेवायला सुरुवात केली. चव घेतलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

दुकानदाराला द्यायची असेल तर त्याचा वाटाही आधीच धरा. ५० ने दिली तर १,२५० येतात, पण भाडं आणि बाजारात बसण्याची मजुरी असे २१० वाचतात. खर्च १,११० आणि नफा १४०. कमी दिसतो, पण अर्धा दिवस मोकळा होतो. त्या अर्ध्या दिवसात दुसरा घाणा निघत असेल तर दुकानदार परवडतो, नसेल तर बाजारच बरा.

७. उधारी बंद करू का? गावात नाही म्हणता येत नाही.

पूर्ण बंद होत नाही. सोयाबीन निघेपर्यंत कुणाच्याच हाती पैसा नसतो हे आपण जाणतो. पण हद्द ठरवा. एका घरी दोनशेच्या वर नाही, जुनं दिल्याशिवाय नवं नाही. आणि हा नियम तुमचा एकटीचा नसून गटाचा आहे असं सांगा. त्याने नातं तुटत नाही.

८. पापड-मसाल्याला लायसन लागतं का? जीएसटी?

खाण्याची वस्तू विकायची म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, घरात बनवली तरी आणि बाजारात बसून विकली तरी. छोट्या घरगुती उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची फी वर्षाला १०० रुपये. मिळालेला १४ आकडी नंबर पाकिटावर छापा. पाकीटबंद मालावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, काय काय घातलं आहे, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधारवर होते आणि सरकारी फी शून्य आहे. सायबरवाला हजार मागत असेल तर ते त्याचे आहेत. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

९. अन्नप्रक्रियेत प्रत्येक बाईला ४० हजार फुकट मिळतात म्हणे?

फुकट नाही. ही २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतली रक्कम. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, पण ते येतं संघाकडे आणि संघ ते आपल्याला कर्ज म्हणून देतो. म्हणजे फेडायचं आहे. फेडलेला पैसा बँकेत न जाता आपल्याच संघात राहतो आणि दुसरीच्या कामी येतो. “फुकटचे आहेत, वाटून घ्या” असं सांगणाऱ्यामुळे एका ग्रामसंघात फार कडू भांडण झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून हे उत्तर बैठकीत वाचून दाखवा.

१०. बँक म्हणते, आधी गटाची एफडी ठेवा. खातं उघडूनही सहा महिने झाले नाहीत म्हणते.

दोन्ही ठिकाणी नियम तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, बचत खात्यातले पैसे अडवून ठेवायचे नाहीत, ठेवीचा आग्रह धरायचा नाही. आणि कर्जासाठी गट सहा महिने चालू असावा लागतो, ते मोजायचे गटाच्या रजिस्टरवरून, खातं उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणून पहिल्या बैठकीपासूनचं इतिवृत्त सह्यांनिशी नीट ठेवा, बँकेत तेच तुमच्या बाजूने बोलतं. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांत जे जास्त असेल ते मिळायला हवं.

साहेबांशी भांडू नका. बँक सखीला (बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या ताईला) सोबत घ्या, मागणी लेखी द्या, पोच घ्या. तरी अडलं तर जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे त्या पोचेची झेरॉक्स द्या.

११. गटातल्या एकीचं जुनं कर्ज थकलं आहे, दुसरीच्या नवऱ्याचं पीककर्ज. त्यामुळे सगळ्यांचं अडतं का?

अडायला नको. गट स्वतः थकबाकीत नसेल तर एखाद-दुसऱ्या सदस्याच्या किंवा तिच्या घरच्यांच्या थकबाकीवरून गटाचं कर्ज सहसा नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं आहे. मात्र त्या कर्जातला पैसा थकबाकीदार सदस्याला देता येत नाही. तिला गटाच्या स्वतःच्या बचतीतून छोटं कर्ज देता येतं, तिला बाहेर काढायची गरज नसते.

घरधनी गेल्यानंतरही हाच प्रश्न येतो, आणि आपल्या भागात तो फार घरांत येतो. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. दिवस-तेरवी होते न होते तोच कुणी नवा स्टॅम्प पेपर पुढे केला तर सही करू नका. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. जाताना गटातल्या चार जणी सोबत न्या.

१२. तीन फायनान्सचे हप्ते चालू आहेत. धंद्यासाठी चौथं घेऊ का?

नाही. हे उत्तर मी फोनवरही एवढ्याच स्पष्टपणे देते.

आधी घराची महिन्याची कमाई आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज शेजारी-शेजारी लिहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत आणि हे बघणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. या लहान कर्जांना तारण घेता येत नाही आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, हे काहीही चालत नाही. रात्री आठला दारात येऊन बसणाऱ्याला ही वेळ ऐकवा आणि त्याचं नाव, तारीख लिहून ठेवा.

मग सगळ्यात महाग कर्ज कोणतं ते शोधा आणि गटाच्या अंतर्गत कर्जातून तेवढं एक आधी मिटवा. एक हप्ता सुटला की धंद्याचं बोलू. पोटाला चिमटा काढून भरलेल्या हप्त्यावर कुठलाच धंदा उभा राहत नाही.

१३. कर्ज माझ्या नावावर, पैसा नवऱ्याने बोअरला लावला. आता काय?

फेडायची जबाबदारी कागदावर तुमचीच आहे. लपवू नका, पुढच्याच बैठकीत सांगा. गटाने नवऱ्याला बोलावून हप्त्याची तारीख त्याच्या तोंडून वदवून घेतली की फरक पडतो. चार बायांसमोर दिलेला शब्द सहसा मोडत नाही.

आणि बोअर लागला असेल तर पाण्यात तुमचा वाटा मागा. एका ताईने बांधावरचं दहा गुंठे रान भाजीपाल्यासाठी मागून घेतलं, सांबार (कोथिंबीर)-पालकाचे पैसे थेट तिच्या खात्यात येतात. सातबारावर नाव लावून घ्यायचं असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने पत्नीचं नाव लागतं, तलाठ्याकडे अर्ज द्या. पुढच्या वेळेसाठी : खातं तुमचं, एटीएम तुमच्या पदरात, पिन कुणालाही नाही.

१४. विश्वकर्मामध्ये माझा फॉर्म नामंजूर झाला. का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. एक, घरातल्या दुसऱ्या कुणी आधीच लाभ घेतला आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो. दोन, घरात कुणी सरकारी नोकरीत आहे. तीन, मागच्या पाच वर्षांत अशाच स्वयंरोजगार योजनेचं कर्ज घेतलं आहे. मुद्राचं असेल आणि पूर्ण फिटलं असेल तर चालतं, बँकेचा दाखला जोडा. योजना अठरा कामांसाठी आहे. शिवणकाम, मातीकाम, टोपल्या-चटया-झाडू त्यांत येतात. पापड-लोणचं येत नाही, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

१५. मोहफुलाचे लाडू विकले तर पोलीस पकडतील का?

मोहफूल गोळा करणं, नेणं, साठवणं यांवरचे निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठवले. लाडू, शरबत, मुरंबा बनवून विकायला हरकत नाही, नोंदणी मात्र प्रश्न ८ प्रमाणे हवीच. दारू गाळणं गुन्हा होता आणि आहे. वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर गावाचा हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने बांबूच्या बाबतीत तो मिळवून दाखवला. ग्रामसभेचा ठराव जवळ ठेवला तर नाक्यावर बोलायला बळ येतं.

फुलं मात्र खाली जाळी बांधून गोळा करा. जमिनीवर पडलेल्या फुलात माती येते, आणि दाताखाली कचकन आलेला लाडू गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

१६. दहा जणींनी मिळून धंदा करायचा की एकटीने?

बचत दहा जणींची, धंदा दोघी-तिघींचा. माझा अनुभव असाच आहे. दहा जणींच्या शेवया मशीनवर रोज चारच येतात आणि नफा दहांना वाटायचा म्हटला की चौघींचं मन मोडतं. एकत्र करायच्या तर कच्च्या मालाची खरेदी आणि विक्री एकत्र करा. तुरीचा हंगाम आला की दहा जणींची तूर एकदम घ्या, डाळ आपापली बनवा, तालुक्याला एकाच गाडीने न्या. एकत्रच राबायचं असेल तर हजेरी लिहा. आधी प्रत्येकीची मजुरी हजेरीप्रमाणे द्यायची, उरेल तो नफा. प्रश्न ६ मधली मजुरी इथेही सोडायची नाही.

१७. गट फुटला. शेवया मशीन अध्यक्षांच्या घरी आहे आणि त्या देत नाहीत.

मशीन घेताना ठराव कुणाच्या नावाने झाला आणि बिल कुणाच्या नावाने आहे ते बघा. बिल गटाच्या नावाने असेल तर कुणाच्याही घरी असलं तरी मशीन गटाचं. ग्रामसंघाला लेखी अर्ज द्या. संघाच्या बैठकीत आजची किंमत ठरवा, आधी बँकेची आणि संघाची बाकी वजा करा, उरलेल्या पैशांत प्रत्येकीचा वाटा काढा. ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ते हवं असेल तर त्यांनी इतरांचे वाटे देऊन घ्यावं. ते शक्य नसेल तर संघाने विकावं.

बिल अध्यक्षांच्या नावाने निघालं तर काम अवघड होतं. मग गटाच्या खात्यातून दुकानदाराला पैसे गेल्याची पासबुकातली नोंद शोधा. पैसे रोख दिले असतील तर त्या महिन्याचं इतिवृत्त आणि सह्या. पुढचं मशीन घ्याल तेव्हा ठरावात हे वाक्य असंच घाला : “हे यंत्र गटाच्या मालकीचे असून सध्या अमुक सदस्याच्या घरी ठेवले आहे, गट सांगेल तेव्हा ते गट सांगेल त्या जागी हलवले जाईल.” खाली सगळ्यांच्या सह्या, आणि जिच्या घरी ठेवलं तिची सगळ्यात आधी.